तळाचं पाणी

आमची भातशेती वाशिष्ठी खाडीच्या दोन्ही अंगांना. घर अलीकडे आणि निम्मं भात पलीकडच्या खाजणात. पूल नव्हता, त्यामुळे शेतकऱ्याच्या घरात नांगर असतो तशी आमच्या घरात होडी होती. नांगर मोडला तर दिवस वाया जाई. होडी गळायला लागली तर सगळं वर्षच वाया जाई, हे मला चौदाव्या वर्षी कळलं.

होडीत पाणी येतं ते वरून आणि खालून. पाऊस आणि लाटेचं शिंतोडं वरून. ते डोळ्याला दिसतं, म्हणून त्याची भीती कमी. खालचं पाणी फळ्यांच्या सांध्यातून, खिळ्याच्या भोकातून, बुचाच्या कडेनं झिरपतं. ते बसायच्या फळ्यांखाली साचतं आणि कुणाला दिसत नाही.

चैत्र-वैशाखात होडी वाळूवर पालथी असायची. उन्हानं लाकूड आकसायचं आणि सांध्यांतून बोटभर उजेड दिसायचा. मग सुतार यायचे. कापसाचा पीळ तेलात भिजवून बोथट छिन्नीनं सांध्यात ठोकायचे, वरून राळ आणि तेल कढवून त्याचा लेप द्यायचे. मी एकदा जोर लावून कापूस ठासायला गेलो तर ते म्हणाले, "बाळा, येवढा ठासू नको. लाकूड पाण्यात फुगतं. त्याला जागा ठेव, नायतर फळीच उचकटंल." बाहेरून माशाचं तेल चोपडलं जायचं. त्याचा वास आठवडाभर अंगाला यायचा. शेवटी होडी दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवायची. फळ्या फुगून आपोआप एकमेकींना घट्ट धरायच्या.

हे शहाणपण आमच्या गावाचं नव्हे, फार जुनं आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोनं होर्मुझ बंदरातली जहाजं पाहिली. त्यांना लोखंडी खिळे नव्हते, फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या आणि वर माशाचं तेल लावलेलं. त्याला ती जहाजं धोक्याची वाटली. पण अरबी समुद्रात तशीच जहाजं शेकडो वर्षं फिरली. आमच्या खाडीच्या तोंडाशी दाभोळ आहे. बहामनी काळात ते मोठं बंदर होतं, अरबस्तान-इराणशी व्यापार करणारं. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदानं ते जाळलं. त्या बंदरात लागणाऱ्या प्रत्येक गलबतावर कुणीतरी तळातलं पाणी उपसत बसलेला असणारच. त्याचं नाव कुठल्या बखरीत येत नाही.

शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढं तिथं आरमार उभं राहू लागलं. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथं खडकात खोदलेली मराठ्यांची गोदी आजही दिसते. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं पडलं की तळ तपासायचा, सांधे भरायचे. मुंबईत १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया आले. त्यांच्या घराण्यातल्या सुतारांनी सागवानाची जहाजं बांधली. त्यातलं १८१७ चं 'त्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर तरंगतं आहे. आमची होडी बारा हातांची. पण काम तेच, पाणी बाहेर ठेवायचं.

आता माझी चूक सांगतो. होडीच्या तळाला आडव्या बरगड्या असतात. प्रत्येक बरगडीला खालून एक छोटी खाच असते, म्हणजे पाणी कुठंही आलं तरी त्या खाचांतून वाहत मधल्या खोलगट जागी जमतं. तिथून ते उपसायचं. त्या खाचा मोकळ्या ठेवणं हे माझं काम होतं. १९७४ साली कापणीच्या दिवसांत मी ते केलं नाही. पेंढ्याच्या काड्या, चिखल आणि तूस खाचांत बसलं.

कार्तिकात झोडणी झाली आणि नऊ गोणी भात घेऊन आम्ही निघालो. आबा वल्ह्यावर, आई नाळेकडं, मी मध्ये उपसायला. मधली जागा कोरडी होती. मी निवांत बसलो. खाडीच्या मध्यावर वारा उलटा फिरला. आबा म्हणाले, "होडी उठत नाय रे. पानी हाय काय?" मी म्हटलं, "नाय, कोरडी हाय."

ते काही बोलले नाहीत. वल्हं आईच्या हाती दिलं आणि मागची फळी उचलली. खाली वीतभर पाणी. मागचा सांधा सुटला होता आणि बंद खाचेमुळं पाणी पुढं येतच नव्हतं. साचलेलं पाणी एका जागी राहत नाही. होडी जिकडं कलते तिकडं तेही धावतं आणि तिला आणखी कलवतं. पुढच्या लाटेला आमची उजवी कड पाण्याला टेकली. आबांनी दोन गोण्या खाडीत ढकलल्या. मी ओंजळीनं, डब्यानं, मिळेल त्यानं पाणी उपसत राहिलो.

काठाला लागलो तेव्हा आणखी चार गोण्या खालून भिजलेल्या होत्या, खाऱ्या पाण्यात. त्यांतल्या दोन बियाण्याच्या. आईनं भात अंगणात वाळवलं, पण ते रुजलं नाही. पुढच्या पावसाळ्यात बियाणं उसनं आणावं लागलं, आणि दिवाळीनंतर ते दीडपटीनं फेडलं. आबांनी मला मारलं नाही. दुसऱ्या दिवशी एक बांबूची काडी हातात दिली आणि एकेक खाच साफ करून घेतली. म्हणाले, "डोळ्यानं बघू नको. हात घाल."

आबा गेले. होडी सडली, चुलीत गेली. आता खाडीत फायबरच्या होड्या आहेत. त्यांना कापूस नको, राळ नको. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला, तेव्हा आमच्या वाडीतली पोरं अशीच एक होडी घेऊन माणसं काढायला निघाली. मी म्हटलं, थांबा. फळी उचलून तळात हात घातला. पोरं हसली. हाताला चार बोटं पाणी लागलं, डिझेलचा वास असलेलं. बुचाचा रबर फाटला होता.

"आधी हे उपसा," मी म्हटलं. दहा मिनिटं गेली. एक पोरगा घरात पळाला, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून आणला, बुचाला गुंडाळला. मग निघाले. संध्याकाळपर्यंत त्या होडीनं चार खेपा केल्या.