मस्कतमधील अल्प उत्पन्न गटाची घरे : भूखंडाच्या सोडतीपासून नियोजित नगरापर्यंत

सार्वजनिक गृहनिर्माण म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर म्हाडाची वसाहत, सोडतीचा निकाल आणि ताबापत्राची प्रतीक्षा उभी राहते. ओमानमध्येही सोडतीची परंपरा आहे आणि प्रतीक्षाही आहे. मात्र सोडतीत निघत आली ती घरे नव्हेत, तर जमीन. गेल्या पाच दशकांत ओमानच्या शासनाने आपल्या नागरिकाला प्रामुख्याने भूखंड दिला आणि त्यावर घर उभे करण्याचे काम त्याच्यावर सोपवले. ज्याच्यापाशी बांधकामापुरता पैसा होता, त्याच्यासाठी ही व्यवस्था अतिशय उदार ठरली. ज्याच्यापाशी तो नव्हता, त्याच्या हाती अनेकदा केवळ मालकीचा कागद राहिला. मस्कतच्या गृहधोरणात आज होत असलेला बदल समजून घ्यायचा तर या कागदापासून सुरुवात करावी लागते.

सुलतान काबूस २३ जुलै १९७० रोजी सत्तेवर आले, तेव्हा मस्कत हे तटबंदीतले छोटे बंदर होते. सूर्यास्तानंतर तीन तासांनी वेशीचे दरवाजे बंद होत आणि त्यानंतर बाहेर पडणाऱ्याला हाती कंदील बाळगावा लागे. देशभरात डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर होता. तटाबाहेर आणि मत्राहच्या आसपास गरिबांची वस्ती खजुरीच्या झावळ्यांच्या घरांत होती. या घरांना ‘बरस्ती’ म्हणतात. कोकणातल्या कुडाच्या घराशी त्यांचे दूरचे नाते सांगता येईल. हवा खेळती राही, पण आग आणि पाऊस या दोहोंपुढे ती असहाय होती. तेलाचा पैसा आणि खेड्यांतून येणारी माणसे एकाच वेळी राजधानीत दाखल झाली, तेव्हा शासनाने प्रथम काही साधी, एकसारखी घरे बांधून वाटली. अरबीत त्यांना ‘शाबिया’, म्हणजे जनतेची घरे, म्हणतात. परंतु तयार घरांचा हा मार्ग मुख्य मार्ग झाला नाही. शेजारच्या बहरीनने १९६८ मध्येच ईसा टाउन वसवून शासनाने बांधलेली घरे देण्याचा पायंडा पाडला होता. ओमानचा प्रदेश विस्तीर्ण, लोकसंख्या विरळ आणि तेलाचे उत्पन्न शेजाऱ्यांच्या मानाने मर्यादित. अशा देशाला जमीन वाटणे अधिक परवडणारे होते.

१९८०च्या जमीन कायद्याने आणि त्यापाठोपाठ १९८४च्या शाही फर्मानाने सरकारी जमिनीवरील नागरिकाच्या हक्काला निश्चित चौकट मिळाली. अटी पूर्ण करणारा ओमानी नागरिक निवासी भूखंडासाठी अर्ज करू शकतो. अर्जदारांमध्ये चिठ्ठ्या काढून वाटप होत असे. २००८च्या फर्मानाने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने हा हक्क दिला. समतेच्या दृष्टीने हे पाऊल महत्त्वाचे होते, आणि अर्जदारांची संख्याही त्यामुळे साहजिकच वाढली.

या भूखंडाचे प्रचलित आकारमान सुमारे ६०० चौरस मीटर आहे. मुंबईकराला हा आकडा अविश्वसनीय वाटेल. साडेसहा हजार चौरस फुटांची ही जागा गरीब-श्रीमंत असा भेद न करता, नाममात्र खर्चात मिळते. त्यामागे निव्वळ औदार्य नाही, एक जीवनपद्धती आहे. ओमानी घरात पाहुण्यांसाठी ‘मजलिस’ लागते आणि तिचे दार कुटुंबाच्या दारापासून वेगळे असावे लागते. अंगणातल्या स्त्रियांवर शेजारच्या गच्चीवरून नजर पडू नये म्हणून उंच कुंपणभिंत आणि चारी बाजूंनी मोकळे अंतर हवे. मुलगा लग्न करून वरच्या मजल्यावर राहील, हेही गृहीत असते. जुन्या अरबी शहरात हा सारा एकांत मधल्या चौकाभोवती घर बांधून, एकमेकांना टेकलेल्या भिंतींतून साधला जाई. नव्या बांधकाम नियमांनी घर भूखंडाच्या मधोमध आणले आणि चौक बाहेर काढून भिंतीभोवतीची बोळ केली. या बदलात सावली हरवली आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो त्या शहरात सगळा भार वातानुकूलन यंत्रावर आला. वास्तुविशारद या चुकीची चर्चा सौंदर्याच्या अंगाने करतात. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला ती विजेच्या देयकातून कळते.

भूखंडाचे घर होण्याचा प्रवास ओमानमध्ये काम केलेल्या कोणत्याही मराठी स्थापत्य अभियंत्याला तोंडपाठ असेल. आधी ‘मुल्किया’ म्हणजे मालकीपत्र, सोबत ‘क्रोकी’ म्हणजे जागेचा मोजणी नकाशा, मग सल्लागाराकडून आराखडा, त्यानंतर बलदियाची ‘इबाहा’ म्हणजे बांधकाम परवाना आणि अखेरीस ठेकेदार. पहिले दोन कागद जवळपास फुकट मिळतात. खरा खर्च तिसऱ्यापासून सुरू होतो. हे अंतर भरून काढण्यासाठी १९७७ मध्ये ओमान गृहनिर्माण बँक स्थापन झाली. ही बँक शासनाच्या अनुदानातून बाजारभावापेक्षा कमी दराने कर्ज देते. म्हाडाही प्रत्यक्षात आली ती १९७७च्या डिसेंबरातच. दोन्ही संस्थांनी गरजूंच्या लांबलचक याद्या सांभाळल्या. एक घरांच्या, दुसरी कर्जांच्या.

बँकेचे कर्जही ज्यांच्या आवाक्यात नाही, अशांसाठी २०१०चा सामाजिक गृहनिर्माण कायदा आहे. त्यात मदतीचे तीन प्रकार आहेत : शासनाने बांधलेले तयार घर, परतफेड न करावे लागणारे बांधकाम अनुदान आणि बिनव्याजी कर्ज. कोणता प्रकार मिळेल ते मुख्यतः कुटुंबाच्या मासिक उत्पन्नावर ठरते. विधवा, वृद्ध, दिव्यांग आणि सामाजिक सुरक्षा योजनेवर अवलंबून असलेली कुटुंबे यांना या कायद्याचा खरा आधार आहे. ओमानमध्ये ‘अल्प उत्पन्न गटाचे सार्वजनिक गृहनिर्माण’ हे शब्द काटेकोरपणे लागू होतात ते एवढ्याच भागाला. एकूण गृहधोरणात तो नेहमी लहान राहिला. मोठा पसारा भूखंडांचाच.

त्या पसाऱ्याचे परिणाम मस्कतच्या नकाशावर दिसतात. हजर पर्वत आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत हे शहर वाढले. जुने मस्कत, मत्राह, रुवी, मग बौशर, सीब आणि आता गव्हर्नरेटची हद्द ओलांडून बर्का असा त्याचा पश्चिमेकडे प्रवास झाला. डोंगरापलीकडच्या अमरातमध्येही हजारो भूखंड आखले गेले. कागदावर आखणी लवकर होते. रस्ता, पाणी, वीज, शाळा आणि मलनिस्सारण त्या वेगाने पोहोचत नाही. मस्कतच्या उपनगरांत दिसणारे निळे आणि पिवळे टँकर हे या दिरंगाईचे रोजचे चिन्ह आहे. निळा पिण्याचे पाणी आणतो, पिवळा मैलापाणी उपसून नेतो. एकेका घरामागे चार-चार रिकामे भूखंड असले, की जलवाहिनीचा दरडोई खर्च किती वाढतो हे नगररचनाकाराला वेगळे सांगायला नको. नोकरी शहरात आणि घर तीस किलोमीटरवर, अशी विभागणी झाल्याने मोटार ही चैन न राहता घराची पूर्वअटच ठरली. ज्याला मोटार परवडत नाही त्याला त्याचा भूखंडही परवडत नाही. राजधानीत शहर बससेवेची नव्याने उभारणी झाली ती २०१५च्या अखेरीस.

जमिनीची टंचाई भासू लागली तसे वाड्यांच्या काठावरही बांधकाम आले. येथे ‘वाडी’ म्हणजे वस्ती नव्हे, तर कोरड्या नदीचे पात्र. मराठी माणूस हा शब्द प्रथम ऐकतो तेव्हा हमखास फसतो. जून २००७च्या गोनू चक्रीवादळात ही कोरडी पात्रे काही तासांत दुथडी भरून वाहिली आणि कुरम, घुब्रा या भागांत घरे व रस्ते वाहून गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहीन वादळाने मस्कतच्या पश्चिमेकडील बातिना किनाऱ्याला, विशेषतः सुवैक आणि खाबुरा भागाला, असाच तडाखा दिला. दोन्ही वेळा शासनाला बाधितांसाठी घरे बांधून द्यावी लागली. तयार घरांचा मागे पडलेला मार्ग आपत्तीने पुन्हा उघडला, असे म्हणता येईल.

महाराष्ट्रातील एका प्रयोगाशी याची तुलना उद्बोधक आहे. सिडकोची स्थापना मार्च १९७० मधली, म्हणजे काबूस यांच्या राज्यारोहणाच्या चार महिने आधीची. सिडकोने बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार छोट्या भूखंडांवर टप्प्याटप्प्याने वाढवता येतील अशी घरे उभारली. तेथील भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. जागा लहान, पण अंगण सामाईक आणि सुविधा आधी. मस्कतमध्ये जागा त्याच्या आठ ते तेरा पट, पण सुविधा मागून. एका बाबतीत मात्र दोन्हींचा अनुभव सारखा आहे. अल्प उत्पन्न गटासाठी कल्पिलेली बेलापूरची घरे कालांतराने मध्यमवर्गाकडे गेली. मस्कतमध्येही बांधकामाचा खर्च न झेपणारे लाभार्थी भूखंड विकून मोकळे होत राहिले आणि त्या जमिनी गुंतवणूकदारांकडे साचल्या. विकण्याचा हक्क गरिबाकडून काढून घ्यावा, असे म्हणणे सोपे आहे. अडीनडीला विकता येते म्हणूनच ती त्याची मालमत्ता असते, हेही खरे.

तेलाच्या दरातील २०१४ नंतरची घसरण, जानेवारी २०२० मध्ये सुलतान हैथम यांचे राज्यारोहण आणि ‘ओमान व्हिजन २०४०’ या टप्प्यांनंतर धोरणाची दिशा बदलू लागली. गृहनिर्माण व नगरनियोजन मंत्रालयाच्या ‘सुरूह’ उपक्रमात जमीन शासनाची, बांधकाम खासगी विकासकाचे आणि ग्राहक प्रामुख्याने भूखंडास पात्र असलेली ओमानी कुटुंबे, अशी रचना आहे. बर्का येथील ‘हय अल नसीम’ हा त्यातील आरंभीचा प्रकल्प. ६०० चौरस मीटर मोकळ्या जमिनीऐवजी रस्ता, शाळा, मशीद आणि बाग यांसह लहान पण पूर्ण घर, असा हा सौदा आहे.

त्याचे सर्वांत मोठे रूप म्हणजे मे २०२३ मध्ये जाहीर झालेले सुलतान हैथम नगर. सीब विलायतमध्ये १ कोटी ४८ लाख चौरस मीटर क्षेत्रावर १९ वसाहती, २०,००० घरे आणि १ लाख रहिवासी, असा हा संकल्प आहे. आराखडा स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या अमेरिकी संस्थेचा असून काम टप्प्याटप्प्याने २०४५ पर्यंत चालेल. जुन्या पद्धतीने २०,००० भूखंड वाटले असते, तर रस्ते आणि शाळा सोडून केवळ भूखंडांनाच १ कोटी २० लाख चौरस मीटर जागा लागली असती. नव्या नगरात साधारण तेवढ्याहून थोड्याच अधिक जागेत बागा, बाजार, रुग्णालये आणि वाहतुकीचे मार्गही सामावणार आहेत. ही बचत क्रांतिकारक नसली तरी खरी आहे. सदनिका, जोडघरे आणि बंगले अशी मिश्र रचना हा त्यातला अधिक धाडसी भाग. कारण ओमानी कुटुंबाने सदनिकेत, सामाईक जिना वापरून राहावे, ही अपेक्षा आजवर कोणत्याही योजनेने एवढ्या मोठ्या प्रमाणावर केली नव्हती.

अल्प उत्पन्न गटाच्या दृष्टीने मात्र या बदलाला दुसरी बाजू आहे. भूखंड जवळपास मोफत होता. विकासकाचे घर, सवलतीत का होईना, विकत घ्यावे लागते. पूर्वी गरीब कुटुंब जमिनीचे मालक होऊन बांधकामासाठी अडत असे. आता गृहकर्जाच्या पात्रतेत न बसल्यास ते दारातच अडेल. त्यामुळे नव्या वसाहतींचे यशापयश बागांच्या छायाचित्रांवरून ठरणार नाही. सामाजिक गृहनिर्माण कायद्याखालील अनुदान आणि बिनव्याजी कर्ज या घरांच्या किमतीपर्यंत पोहोचते का, यावर ते ठरेल.

या संपूर्ण व्यवस्थेत परदेशी रहिवाशाला स्थान नाही. परदेशी व्यक्तींना २००६ पासून एकात्मिक पर्यटन संकुलांत मालकीने घर घेता येते आणि २०२० पासून ठरावीक भागांतील बहुमजली इमारतींत दीर्घ मुदतीचा उपभोगाधिकार मिळतो. पण दोन्ही वाटा वरच्या उत्पन्नाच्या आहेत. मजुराचे घर म्हणजे मालकाने दिलेली छावणी, किंवा रुवी, हमरिया, मत्राह येथील खोलीतली एक खाट. कुटुंबवस्त्यांत एकट्या कामगारांना जागा देण्यावर बलदियाचे निर्बंध असल्याने ही गर्दी ठरावीक मोहल्ल्यांतच साठते. एप्रिल २०२० मध्ये मस्कतमध्ये टाळेबंदी आली, तेव्हा सर्वांत आधी बंद करावे लागले ते मत्राह. ओमानी नागरिकांच्या भूखंडांवरील घरे ज्या गवंड्यांनी बांधली, त्यांतले बहुसंख्य भारत, बांगलादेश आणि पाकिस्तानातून आलेले, याच खोल्यांत राहणारे आहेत. सुलतान हैथम नगरातील २०,००० घरेही तेच बांधतील.