संघ शहर सोडतो तेव्हा

एखादा व्यावसायिक क्रीडासंघ आपले शहर सोडून दुसऱ्या शहराच्या नावाने खेळू लागतो, तेव्हा त्याला संघाचे स्थलांतर म्हटले जाते. अमेरिकेतील बास्केटबॉल आणि बेसबॉलमध्ये हा प्रकार जुना आहे. महाराष्ट्राला त्याची ओळख २०१९ साली पुण्याच्या फुटबॉल संघामुळे झाली.

हक्क कोणाचा?

फ्रँचायझी पद्धतीत स्पर्धेत खेळण्याचा हक्क लीग ठरावीक शुल्क घेऊन मालकाला देते. संघाच्या नावात शहर असले, तरी शहराची त्यावर मालकी नसते. मालक आर्थिक अडचणीत आला, तिकिटे व प्रायोजक यांतून खर्च निघेनासा झाला किंवा दुसऱ्या शहराने चांगले मैदान देऊ केले, की स्थलांतराची चर्चा सुरू होते. वर्षानुवर्षे तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला या व्यवहारात मत नसते. पाठीराख्यांच्या चिंतेचे मूळ येथे आहे.

पुण्याचा अनुभव

इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली, तेव्हा एफसी पुणे सिटी हा तिच्या आठ संघांपैकी एक होता. अभिनेता हृतिक रोशन सहमालक होता, तर फ्रान्सचा विश्वविजेता खेळाडू डेव्हिड ट्रेझेगे पहिल्या मोसमात संघातून खेळला. संघाचे स्वतःचे मैदान नव्हते. सामने बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात होत. मराठवाड्याचा संघ या लीगमध्ये नसल्याने वैजापूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या फुटबॉलप्रेमींनाही अंतराने पुण्याचाच संघ जवळचा होता.

२०१७-१८ च्या मोसमात मार्सेलिन्हो व एमिलियानो अल्फारो यांच्या खेळामुळे संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. बंगळुरू एफसीविरुद्ध पुण्यातील सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. बंगळुरूत सुनील छेत्रीच्या तीन गोलांमुळे पुणे १-३ असे हरले. पुढील मोसमानंतर आर्थिक अडचणींमुळे संघ बंद पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच्या जागी नव्या मालकांच्या हैदराबाद एफसीची घोषणा झाली. प्रशिक्षक फिल ब्राउन व पुण्याचे अनेक खेळाडू तिकडे गेले. त्याच महिन्यात दिल्ली डायनामोज हा संघही भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला.

पुणेकरांसाठी हा पहिला धक्का नव्हता. २०१२-१३ च्या आय-लीगमधील उपविजेता पुणे एफसी हा संघ २०१५ मध्येच संपुष्टात आला होता.

विरोधाचे मार्ग

सिअ‍ॅटल सुपरसॉनिक्स हा १९६७ साली स्थापन झालेला व १९७९ साली एनबीए विजेता ठरलेला बास्केटबॉल संघ २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेला. मैदानाचा करार २०१० पर्यंत असल्याने सिअ‍ॅटल शहराने न्यायालयात दावा लावला. तडजोडीत शहराला साडेचार कोटी डॉलर मिळाले आणि संघाचे नाव व रंग सिअ‍ॅटलकडेच राहिले. संघ मात्र गेला.

लंडनच्या विम्बल्डन एफसीला मिल्टन कीन्स येथे हलविण्यास २००२ साली परवानगी मिळताच पाठीराख्यांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला. तळाच्या स्थानिक स्पर्धेपासून सुरुवात करून तो २०११ मध्ये इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला. जर्मनीत, काही अपवाद वगळता, क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून अधिक मते असावीत असा नियम आहे. त्यामुळे केवळ गुंतवणूकदाराच्या इच्छेने क्लब हलविणे तेथे अवघड ठरते. भारतीय फ्रँचायझी संघांच्या पाठीराख्यांना असे कोणतेही संरक्षण नाही.

पुढे काय झाले?

हैदराबाद एफसीने मार्च २०२२ मध्ये केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून विजेतेपद मिळवले. पुण्याला जे यश कधी लाभले नाही, ते हैदराबादला तिसऱ्याच मोसमात मिळाले. परंतु विजेतेपदही संघाला शहरात बांधून ठेवू शकले नाही. पुन्हा आर्थिक ओढाताण झाली, मालकी बदलली आणि २०२५ मध्ये हा संघ दिल्लीला हलवून स्पोर्टिंग क्लब दिल्ली असे त्याचे नामकरण झाले. सहा वर्षांपूर्वी पुण्यातील पाठीराख्यांवर आलेली वेळ आता हैदराबादच्या पाठीराख्यांवर आली.