छप्पर नसलेल्या खोल्या

मागच्या महिन्यात आमचा जुना फ्लॅट विकायला काढला, तेव्हा नातीनं मोबाईल हातात धरून दारापासून बाल्कनीपर्यंत एका दमात व्हिडिओ काढला. दोन मिनिटांत घर संपलं! दहा बाय दहाची खोली त्यात दिवाणखान्याएवढी दिसत होती. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, की हा कॅमेरा घरात शिरला कधी?

वाटतं, पहिल्या दिवसापासून. तसं नाही. 1895 साली ल्युमिएर बंधूंनी बाळाला भरवतानाचं छोटं चित्रण केलं. प्रसंग अगदी घरगुती, पण टेबल मांडलंय बागेत. मागे झाडाची पानं हलताना दिसतात. त्या वेळच्या फिल्मला भरपूर ऊन लागे, ते खोलीत कुठून आणणार? एडिसनच्या 1893 च्या स्टुडिओचं तर छप्पर उघडायचं, आणि सूर्य सरकला की अख्खी इमारत रुळावर फिरवायची. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी दादरला 'राजा हरिश्चंद्र' (1913) केला, तेव्हा राजाचा महालसुद्धा उन्हातच उभा राहिला, रंगवलेल्या पडद्यांच्या आधारानं. म्हणजे बघा, सिनेमातलं 'आत' हे कितीतरी वर्षं प्रत्यक्षात 'बाहेर'च होतं. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हे फार आवडतं, पण ते असो.

पुढे विजेचे दिवे आले आणि माणसामागे दोनदोन, तीनतीन सावल्या पडू लागल्या. घरात अशा सावल्या पडतात का हो? सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी (1956) बनारसच्या घराचं अंगण हवं होतं. बन्सी चंद्रगुप्तांना ते उघड्यावर बांधायचं होतं. पावसाच्या भीतीनं कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधावं लागलं. अशा अंगणात आभाळाचा उजेड झिरपत येतो, त्याला सावली नसते. दिव्यांनी तो येणार नाही, असा वाद कॅमेरामन सुब्रत मित्रांनी घातला. आणि मग तोडही त्यांनीच काढली. सेटच्या वर चौकटीत पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्याच्यावर मारले. कापडाचं आभाळ झालं! मला हा शोध सगळ्या लेन्सांपेक्षा मोठा वाटतो.

यात माझा थोडा स्वार्थही आहे. आमच्या वाड्यातलं स्वयंपाकघर अंधारं, एक झरोका तेवढा. आईचं आयुष्य तिथं गेलं. तिचे फोटो सहा. सगळे अंगणात, तुळशीपाशी, पदर सावरून उभी. फोटोवाला म्हणायचा, "काकू, उजेडात या." चुलीपुढचा एकही नाही. वाडा तर केव्हाच पाडला.

व्हिडिओ काढून झाल्यावर नातीनं विचारलं, "आजोबा, पणजीचं किचन कसं होतं?" मी हातानं दाखवत बसलो. चूल इथे, पाटा तिकडे, आणि झरोक्यातली तिरीप साधारण अकराच्या सुमाराला तिच्या खांद्यावर यायची.