घाट न चढलेला समुद्र

पाचोड हे पैठण तालुक्यातले, सोलापूर-धुळे महामार्गावरचे बाजाराचे गाव. मोसंबीच्या उलाढालीमुळे त्याचे नाव मराठवाड्यात सगळीकडे माहीत आहे. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी जवळजवळ तीनशे किलोमीटर लांब. तरी हा टापू समुद्राला कधीच अनोळखी नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात पैठण हे भडोच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवरचे शहर म्हणून येते, आणि तिथला अकीक गाड्या भरून बंदराकडे जात असल्याची नोंदही त्यात आहे. त्याच ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळे आहे. रोमन स्त्रियांना हिंदुस्थानी मोत्यांचे जेवढे वेड, तेवढेच हिंदुस्थानातल्या पुरुषांना पोवळ्यांचे, अशा आशयाचे निरीक्षण रोमन लेखक प्लिनीने नोंदवले. पुढे कित्येक शतके लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून किनाऱ्याचे मीठ पठारावर येत राहिले. सुकट-बोंबील तर मराठवाड्यातल्या आठवडी बाजारांत आजही विकायला येतात. मीठ, पोवळे, मोती, शंख, सुकी मासळी हा समुद्राचा सगळा माल दोन हजार वर्षे बिनतक्रार घाट चढला. पण तो सगळा वाळलेला, मेलेला माल होता. जिवंत समुद्र वर आणण्याची हौस अगदी अलीकडची आहे, आणि तिचा इतिहास मुख्यतः नुकसानीचा इतिहास आहे.

खाऱ्या पाण्याच्या टाकीतले मासे मेले की दोष पाळणाऱ्यावर टाकण्याची रीत आहे: खाणे जास्त घातले, घाई केली, पाणी तपासले नाही. यात तथ्य असतेही. पण पावणेदोनशे वर्षांचा हिशेब समोर ठेवला तर वेगळेच दिसते. या काळात तंत्रात झालेल्या प्रत्येक सुधारणेने टाकीतला जीव थोडा अधिक जगवला, आणि दर वेळी त्यासाठी काचेच्या मागे आणखी मोठी, न दिसणारी व्यवस्था उभी करावी लागली. नुकसान कमी झाल्यासारखे वाटले ते बऱ्याच अंशी दुसरीकडे सरकले म्हणून. हौशी माणसाची चूक ही या गोष्टीतली लहान बाब आहे. मोठी बाब ही, की थोड्या पाण्यात समुद्र मावतो हे मूळ गृहीतकच कच्चे आहे.

पहिलाच दाखला बोलका आहे. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन नावाच्या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले आणि सुमारे तीन वर्षे जगवले. समुद्राचे पाणी सतत आणणे परवडेना, तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहण्याचे काम घरच्या मोलकरणीकडे आले. रोजचा अर्धा-पाऊण तास हेच काम. आज विजेचा पंप जे करतो ते तेव्हा एका बाईचे हात करत होते. पुढे १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने वनस्पती आणि प्राणी एकमेकांची गरज भागवतात, म्हणून बंद टाकीतही तोल राखता येतो, असे मांडले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले, आणि फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या पुस्तकाने मध्यमवर्गीय घरांत या छंदाची लाट आली. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठल्याने काच स्वस्त झाली होती आणि रेल्वेमुळे किनारा जवळ आला होता. लाट आली तशी ओसरलीही. जे. जी. वुड यांनी १८६८ मध्ये या वेडाबद्दल लिहिले तेव्हा बहुतेक टाक्या टाकून दिलेल्या होत्या. वॉरिंग्टनचा तोल कागदावर बरोबर होता, पण बैठकीच्या खोलीतल्या दोन-चार बादल्या पाण्यात तो फार दिवस टिकत नव्हता.

हे ज्याला सर्वांत आधी उमगले तो विल्यम अल्फर्ड लॉइड. लंडनमध्ये समुद्राचे पाणी आणि प्राणी विकणारा हा दुकानदार पुढे हॅम्बुर्गचे आणि १८७१ मध्ये क्रिस्टल पॅलेसचे मत्स्यालय उभारणारा जाणकार झाला. लोकांना दाखवायच्या टाक्यांखाली त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा, अंधारा हौद बांधायचा आणि पाणी अहोरात्र फिरते ठेवायचे, ही त्याची पद्धत. प्रेक्षकाला जे पाणी दिसते ते जगते न दिसणाऱ्या पाण्याच्या जिवावर, हा त्याचा धडा. समुद्र जसा दूर, तसा हा धडा महाग होत गेला. बर्लिनला १८६९ मध्ये मत्स्यालय उघडले तेव्हा तिथे ऑटो हेर्मेस यांना कृत्रिम समुद्रजल बनवावे लागले. शिकागोचे शेड अ‍ॅक्वेरियम १९३० मध्ये सुरू झाले, त्यासाठी फ्लोरिडातल्या की वेस्टहून दहा लाख गॅलन समुद्राचे पाणी रेल्वेने आणले गेले: वीस टँकर वाघिणी, आठ फेऱ्या. एका श्रीमंत शहराने अख्खी मालगाडी कामाला लावून जे साधले, ते एखाद्या कुटुंबाने दिवाणखान्यात साधावे अशी अपेक्षा हा छंद करत आला आहे.

आता पिशवीतले तयार क्षार मिळतात, तेव्हा पाणी वाहायला नको, असे कोणी म्हणेल. इथेच पठाराच्या जुन्या ओळखीची मर्यादा कळते. लमाणांनी आणलेले मीठ समुद्रातून आलेले होते, पण ते पाण्यात परत टाकून समुद्र होत नाही. समुद्राच्या क्षारांत साधे मीठ ढोबळमानाने ८५ टक्के असते. उरलेल्या भागात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट आहेत, आणि प्रवाळ आपला सांगाडा बांधतो तो यांतल्याच कॅल्शियम आणि बायकार्बोनेटवर. हे सगळे योग्य प्रमाणात मिसळले तरी तयार होते ते नुसते खारे पाणी. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सुटतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. या जिवाणूंचा उलगडा सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास केला, म्हणजे पहिल्या लाटेतल्या टाक्या मरून गेल्यावर. नव्या टाकीत ही वसाहत बसायला महिना-दीड महिना लागतो, आणि तोवर सोडलेले मासे विषातच पोहतात. लख्ख धुतलेली टाकी सर्वांत घातक ठरते ती यामुळेच. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवाणू आणि बारीक जीव अंगावर वागवणारे ‘जिवंत खडक’ व वाळू टाकीत ठेवून मोठे यश मिळवले. पण ते खडक उचलायला जवळ समुद्र होता. प्रवाळभित्तीचा एक तुकडा आणून टाकी जगवायची, असे त्या यशाचे स्वरूप होते.

हे गणित पाचोडला मांडून पाहावे. दोनशे लिटरची टाकी म्हणजे या छंदात लहानच. लिटरला ३५ ग्रॅम धरले तर पहिल्या भरणीलाच सात किलो क्षार लागतात. काळ्या पाषाणातून येणारे विहिरीचे-बोअरचे पाणी कठीण असते, शेतातल्या खतांचे नायट्रेट त्यात उतरलेले असू शकते. म्हणून आरओ यंत्र हवे, आणि ते एक लिटर शुद्ध पाणी देताना तेवढेच किंवा त्याहून अधिक पाणी फेकते. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तर भित्तीवरचे मासे-प्रवाळ पंचवीस-सत्तावीस अंशांत सुखी असतात आणि नेहमीच्या उन्हाळी तापमानावर एक-दोन अंश चढून आठवडे टिकले तर प्रवाळ पांढरा पडतो. म्हणजे पाणी थंड करणारे यंत्रही आले. कोरड्या हवेत पाणी उडते, क्षार मागे राहतात, खारटपणा वाढतो, म्हणून रोज गोडे पाणी घालावे लागते. या सगळ्याला अखंड वीज लागते, आणि ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनाची वर्षे पाहिली आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात याच पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी विकतच्या टँकरवर मोसंबीची झाडे जगवण्याचा प्रयत्न केला आणि शेवटी कित्येक बागा तोडल्या. पाऊस आणि भूजल यांची जागा टँकरला किती दिवस घेता येते हे ज्याने पाहिले, त्याला समुद्राची जागा पंपाला का घेता येत नाही हे समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच, की झाड महिने तग धरते आणि टाकी एका रात्रीत जाते.

समुद्रकाठी तरी हे सोपे आहे का? मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय मरीन ड्राइव्हवर, समुद्रापासून एका रस्त्याच्या अंतरावर उभारले गेले. आठ लाख रुपये खर्चून बांधलेल्या या वास्तूला तारापोरवाला या पारशी दात्यांनी दोन लाखांची देणगी दिली, आणि १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. शाळेच्या सहलीत पहिला समुद्री मासा इथेच पाहिला अशा कित्येक पिढ्या महाराष्ट्रात आहेत. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचे पाठबळ, समोर समुद्र आणि तिकिटाचे उत्पन्न एवढे असूनही नूतनीकरणासाठी ते दीर्घकाळ बंद ठेवावे लागले. २०१५ मध्ये काचबोगद्यासह ते पुन्हा उघडले आणि कोविडच्या काळात पुन्हा बंद झाले. खारी हवा लोखंड आणि काँक्रीट खाते, यंत्रे गंजतात, पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी गढूळ होते. सार्वजनिक संस्थेला जे सातत्याने पेलणे अवघड जाते, ते घरगुती टाकीला जमले नाही तर त्याला निव्वळ हलगर्जी म्हणता येत नाही.

या नुकसानीचा मोठा भाग तर टाकीच्या बाहेरच घडतो. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ च्या आत्मकथनात खंत व्यक्त केली की वडिलांच्या पुस्तकांनी ओढले गेलेल्या हौशी लोकांनी डेव्हनच्या किनाऱ्यावरची खडकांतली डबकी ओरबाडून रिकामी केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलिपिन्समध्ये मासे गुंगवून पकडण्यासाठी भित्तीवर सायनाइड फवारले जाऊ लागले. मासा दुकानापर्यंत जिवंत पोहोचायचा, पण शरीरात विष घेऊन; काही आठवड्यांनी तो मेला की पाळणारा स्वतःला दोष द्यायचा. भारतात ११ जुलै २००१ च्या अधिसूचनेने दगडी प्रवाळ, समुद्रघोडे वगैरे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. जो पोवळ्याचा मणी दोन हजार वर्षांपूर्वी भडोचच्या वाटेने देशावर आला, त्याच्याच दूरच्या जिवंत भावंडाला आज आपल्या समुद्रातून उचलणे गुन्हा आहे. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर खोल समुद्रात आंग्र्यांच्या नावाची अँग्रिया बँक हा प्रवाळांचा बुडीत उंचवटा आहे, मालवणजवळही प्रवाळ आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली ही संपत्ती एवढी थोडी आहे, की हौसेसाठी तिला हात लावणे परवडणारे नाही.

या मांडणीवर तीन आक्षेप येतील. पहिला, तंत्र आता फार पुढे गेले आहे. ते खरे आहे: केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने विदूषक माशांच्या अनेक जातींचे हॅचरीत प्रजनन केले आहे, आणि ऐरोलीला राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानानेही तशी हॅचरी उभारली आहे. समुद्रातून उचललेल्या माशापेक्षा असा मासा घेणे शंभरदा बरे. पण अशा मोजक्या जाती सोडल्या तर व्यापारातल्या बहुतेक समुद्री जाती आजही समुद्रातूनच येतात, आणि हॅचरीतला मासाही पाचोडला पोहोचल्यावर तीच वीज, तेच पाणी, तेच क्षार मागतो. दुसरा आक्षेप, गोड्या पाण्यातले मासेही मरतातच. मरतात, पण नदीचा मासा चढउतारांत घडलेला आहे. गोदावरी पुरात गढूळ होते, उन्हाळ्यात डोहांपुरती उरते; पैठणच्या धरणाच्या नाथसागर जलाशयाची पातळी वर्षभरात खालीवर होत राहते. प्रवाळभित्तीवरच्या माशाच्या वाट्याला असे हेलकावे क्वचितच येतात, म्हणून त्याच्या अंगी ती सोशिकता नाही. शिवाय दुकानातले गोड्या पाण्याचे शोभेचे मासे बहुतांश पैदास केलेले असतात.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: समुद्रापासून इतक्या दूर वाढणाऱ्या मुलांनी समुद्री जीव पाहायचेच नाहीत का? डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आस्था उपजत नाही, हे खरेच. पण त्या गरजेचे उत्तर लॉइडनेच दिले होते: एक मोठा हौद, अनेक पाहणारे. पाण्याचा साठा जितका मोठा तितका तो स्थिर, आणि पाहणारे जितके अधिक तितकी एका माशाच्या मरणामागची शिकवण मोठी. शंभर घरांतल्या शंभर टाक्या या दोन्ही बाबतींत उण्या ठरतात. त्यामुळे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय किनाऱ्यावर, सार्वजनिक आणि नीट निगराणीचे असावे, आणि तारापोरवालासारख्या संस्थेचे वर्षानुवर्षे बंद राहणे ही मराठवाड्यातल्या मुलांचीही हानी मानली जावी. सहलीची एसटी कोकणात उतरवणे हे समुद्राला पठारावर चढवण्यापेक्षा स्वस्त आहे, आणि कमी हिंसक आहे. पठारावर टाकी ठेवायचीच तर तीत मरळ, वाम, शिंगाडा असे गोदावरीचे मासे असावेत. धरणानंतरची नदी, तिच्यात बाहेरून आलेल्या जाती, मच्छीमारांच्या जाळ्याला लागणारे आणि न लागणारे मासे, हा सगळा विषय पैठण तालुक्याच्या अंगणातला आहे आणि त्याच्यासाठी क्षारांची पिशवी लागत नाही. समुद्राशी या टापूचे नाते जुने आहे ते देवघेवीचे. घेतलेली वस्तू जिवंत असेल तेव्हा तिची पूर्ण किंमत मोजायची तयारी नसेल, तर ती देवघेव उरत नाही.