लगद्याच्या कागदावरील भविष्यकाळ

एप्रिल १९२६ हा महिना छापलेला ‘अमेझिंग स्टोरीज’ या अमेरिकन मासिकाचा पहिला अंक विज्ञानकथांच्या संग्राहकांमध्ये फार मोलाचा ऐवज मानला जातो. फ्रँक आर. पॉल या चित्रकाराने काढलेले त्याचे मुखपृष्ठ प्रसिद्ध आहे : पिवळे आकाश, त्यात कड्यांसह ओथंबून आलेला प्रचंड शनी, खाली बर्फावर घसरत खेळणारी माणसे आणि बर्फाच्या ढिगांवर अडकलेली जहाजे. किंमत २५ सेंट, संपादक ह्यूगो गर्न्सबॅक. मात्र या अंकात नवी म्हणावी अशी एकही कथा नव्हती. ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स, एडगर अ‍ॅलन पो आणि अन्य तीन लेखक यांचे पूर्वप्रकाशित लेखनच त्यात पुन्हा छापले होते. म्हणजे ‘प्रथम’ म्हणून जपल्या जाणाऱ्या या अंकातील एकही संहिता प्रथम नाही.

मग त्यात प्रथम काय होते? केवळ विज्ञानकथेला वाहिलेले इंग्रजी मासिक असे ते पहिलेच होते. निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या हेतूंनी लिहिलेले साहित्य एकत्र आणून गर्न्सबॅकने त्याला ‘सायंटिफिक्शन’ हे नाव दिले. एका अर्थी या साहित्यप्रकाराचा जन्मच संग्रहाच्या कृतीतून झाला. त्या प्रकाराचा पुढचा इतिहासही विद्यापीठांनी नव्हे, तर संग्राहकांनी राखला, ही गोष्ट वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांनी जितकी लक्षात घ्यावी तितकी घेतलेली नाही.

‘पल्प’ हे नाव कागदावरून पडले. १८९६ मध्ये फ्रँक मन्सी याने आपले ‘आर्गसी’ हे मासिक संपूर्णपणे कथांना वाहिले आणि ते लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदावर छापण्यास सुरुवात केली. कागद स्वस्त म्हणून अंक स्वस्त, अंक स्वस्त म्हणून वाचक पुष्कळ, असे ते गणित होते. पण या कागदात लाकडातील लिग्निन तसेच राहते. प्रकाश आणि हवा लागताच ते पिवळे पडू लागते. कागदातील आम्ल त्याचे तंतू तोडत जाते. कडा तपकिरी होतात, पान उलटताना कोपरा हातात येतो. हा कागद टिकण्यासाठी केलेलाच नव्हता. पुढचा अंक आला की मागचा रद्दीत जाणार, हे छापणारा आणि वाचणारा दोघेही गृहीत धरून होते. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जुना कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि घरोघरचे जुने अंक त्यांत गेले. ग्रंथालयांनी ही मासिके विकत घेण्याच्या योग्यतेची मानलीच नव्हती. त्यामुळे तिकडेही ती उरली नाहीत.

उरली ती वाचकांच्या घरी. लॉस एंजेलिसचा फॉरेस्ट अ‍ॅकरमन १९२६ मध्येच ‘अमेझिंग स्टोरीज’चा अंक घेऊन या वाटेला लागला. पुढे त्याचे अठरा खोल्यांचे घर पुस्तके, मासिके, चित्रे आणि चित्रपटांतील वस्तू यांनी भरून गेले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना तो ते हौसेने दाखवीत असे. न्यूअर्कच्या सॅम मॉस्कोविट्झने असाच संग्रह उभारला आणि त्याच्या आधारे विज्ञानकथेचा व तिच्या चाहत्यांचा इतिहास लिहिला. डोनाल्ड डे या पोर्टलंडच्या चाहत्याने १९२६ ते १९५० या काळातील विज्ञानकथा-मासिकांची सूची तयार करून १९५२ मध्ये प्रसिद्ध केली. एव्हरेट ब्लायलर याची अद्भुत साहित्याच्या पुस्तकांची सूची त्याआधी, १९४८ मध्ये, आली होती. मराठीच्या अभ्यासकाला येथे शंकर गणेश दाते यांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची त्यांनी केलेली सूची हाताशी नसती, तर आपल्या वाङ्मयेतिहासाची किती पाने रिकामी राहिली असती! सूचीकाराला इतिहासकाराच्या पंक्तीत बसवण्याची आपली रीत नाही. पण त्याच्यावाचून इतिहासकाराचे चालत नाही.

जुना अंक जपायचा तरी कशासाठी? कथा चांगली असेल तर ती पुस्तकात येतेच, असे उत्तर सहज सुचते. ते तपासून पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. डिसेंबर १९२६ च्या अंकाचे मुखपृष्ठ छापून गर्न्सबॅकने वाचकांना आवाहन केले की, या चित्रावरून कथा लिहा. तिसरे बक्षीस क्लेअर विंगर हॅरिस यांना मिळाले आणि त्यांची कथा जून १९२७ च्या अंकात आली. तिच्यासोबत संपादकाने टीप जोडली. बक्षीस एका स्त्रीला मिळाले याचे आश्चर्य तीत आहे. स्त्रियांचे विज्ञानविषयक शिक्षण आणि कल मर्यादित असल्याने त्यांच्याकडून असे लेखन सहसा चांगले होत नाही, असे मतही आहे. आणि ही कथा मात्र अपवाद, अशी स्तुतीही आहे. हॅरिस यांच्या कथांचे पुस्तक पुढे १९४७ मध्ये निघाले. कथा पुस्तकात आल्या. ही टीप मासिकाची, ती मासिकातच राहिली. स्त्रीने या प्रांतात कोणत्या दारातून प्रवेश केला, दारावर तिचे स्वागत कोणत्या शब्दांत झाले, हे कळायचे तर तो पिवळा पडलेला अंकच उघडावा लागतो. सुरुवातीच्या विज्ञानकथेत स्त्रिया नव्हत्याच, हा समज दीर्घकाळ टिकला. तो खोडून काढणाऱ्या अभ्यासकांना पुरावा मिळाला तो जुन्या अंकांच्या अनुक्रमणिकांत आणि वाचकांच्या पत्रव्यवहारात. पुस्तकरूपाने जे निवडले गेले, त्यात निवडणाऱ्याची दृष्टी होती. मासिकात जे होते, ते होते.

संहितेच्या दृष्टीनेही प्रश्न साधा नाही. आयझॅक असिमोव्हचे ‘फाउंडेशन’ १९५१ मध्ये नोम प्रेसने प्रसिद्ध केले. ही प्रथमावृत्ती संग्राहकांना हवीहवीशी वाटते. परंतु तिच्या पाच भागांपैकी चार भाग १९४२ ते १९४४ या काळात ‘अस्टाउंडिंग’ मासिकात स्वतंत्र कथा म्हणून, वेगळ्या शीर्षकांनी येऊन गेले होते. पहिला भाग पुस्तकासाठी नव्याने लिहिला गेला. म्हणजे १९४२ चा वाचक आणि १९५१ चा वाचक या कथेत निरनिराळ्या दारांनी शिरले. फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ १९६३ ते १९६५ या काळात ‘अ‍ॅनालॉग’मधून दोन हप्तेबंद कथांच्या रूपाने आली आणि १९६५ मध्ये पुस्तक काढले ते मोटारदुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चिल्टन या प्रकाशनाने. अशा वेळी ‘प्रथम’ कोणाला म्हणायचे? बाजार पुठ्ठाबांधणीच्या, वेष्टनासह असलेल्या पुस्तकाला म्हणतो. अभ्यासकाला तसे म्हणून चालणार नाही.

रे ब्रॅडबरीचे ‘फॅरेनहाइट ४५१’ हे तर या विसंगतीचे बोलके उदाहरण. पुस्तके जाळणाऱ्या समाजाची ही कहाणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे २०० प्रती अ‍ॅस्बेस्टॉसच्या बांधणीत, लेखकाच्या स्वाक्षरीसह काढण्यात आल्या. आगीला न जुमानणाऱ्या या प्रतींसाठी आज संग्राहक मोठी किंमत मोजतात. ज्या लघुरूपातून ही कादंबरी वाढली, ती कथा मात्र फेब्रुवारी १९५१ च्या ‘गॅलक्सी’ मासिकाच्या साध्या कागदावर आहे. त्या कागदाला काडी लावण्याची गरज नाही. तो आपला आपणच जळतो आहे, फक्त फार सावकाश.

संग्राहकांचे ऋण मान्य करताना त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. संग्राहक वस्तूवर प्रेम करतो आणि ते प्रेम संहितेपर्यंत पोहोचतेच असे नाही. अलीकडे कॉमिक्सपाठोपाठ पल्प मासिकांनाही त्यांच्या स्थितीनुसार गुण देऊन पारदर्शक प्लास्टिकच्या कवचात बंद करण्याची पद्धत आली आहे. कवच उघडले की दर्जा गेला. म्हणजे अंक सुरक्षित, मुखपृष्ठ झळझळीत, पण तो आता वाचता येत नाही! दुसरी मर्यादा आयुष्याची. अ‍ॅकरमनला आपल्या संग्रहाचे कायमचे संग्रहालय व्हावे असे वाटे. ते झाले नाही. २००२ मध्ये त्याला मोठे घर सोडावे लागले, बराच संग्रह विकला गेला आणि २००८ मध्ये त्याच्या निधनानंतर उरलेल्या वस्तूंचे लिलाव झाले. मॉस्कोविट्झचा संग्रहही त्याच्या पश्चात १९९९ मध्ये लिलावात निघाला. एका माणसाने आयुष्यभर जुळवलेली संगती अशा वेळी पुन्हा सुट्या अंकांत मोडून जाते.

याउलट ज्युडिथ मेरिल या लेखिका-संपादिकेने १९७० मध्ये आपली सुमारे ५,००० पुस्तके व मासिके टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिली. आज तो संग्रह त्यांच्याच नावाने ओळखला जातो. जे. लॉइड ईटन या डॉक्टरांचा सुमारे ७,५०० ग्रंथांचा संग्रह १९६९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेने घेतला आणि त्याभोवती पुढे मासिके, चाहत्यांची हस्तपत्रे यांची मोठी भर पडली. हौस आणि संस्था यांची गाठ वेळेवर पडली, तेव्हाच संग्रहाचे साधन झाले.

आता इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी यांपैकी बरेच अंक चित्रप्रतींच्या रूपात वाचता येतात. येथेही चाहत्यांचा एक आग्रह शिकण्याजोगा आहे : अंक मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, जाहिरातींसह उतरवायचा. आपल्याकडे ग्रंथालयांत मासिकांच्या फायली बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने अनेकदा काढून टाकली गेली. मराठी विज्ञानकथेच्या आरंभाचा शोध घेणाराला ‘केरळ कोकिळ’च्या फायलींकडे वळावे लागते. जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, ही गोष्टही कथेच्या संहितेत नव्हे, तिच्या भोवतीच्या तपशिलात सापडते. असा तपशील ज्या पानांवर असतो, ती पाने बांधणीच्या टेबलावरच गळाली, तर पुढच्या अभ्यासकाला ती मागताही येणार नाहीत, कारण ती होती हेच त्याला ठाऊक नसेल. एम.ए.च्या विद्यार्थ्याने एखाद्या बंद पडलेल्या मासिकाची केवळ एका वर्षाची सूची, जाहिराती आणि वाचकांच्या पत्रांसह, नीट केली, तरी ते काम प्रबंधाइतकेच मोलाचे मानायला हवे.