धोक्याची वार्ता आणि तिचा परतीचा मार्ग : इंदापूर-बारामतीच्या निमित्ताने

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यातील इंदापूर तालुक्याचे नाव जमीनमहसुलाच्या इतिहासात वारंवार येते. सायबर सुरक्षेच्या चर्चेत ते आल्याचे मात्र आमच्या पाहण्यात नाही. तरीही या दोन विषयांचा संबंध जोडण्याचे धाडस प्रस्तुत लेखात केले आहे. संगणकयंत्रणांवर हल्ला करणाऱ्या टोळ्या कोणत्या, त्यांची हत्यारे कोणती, त्या कोणत्या दाराने आत शिरतात, ही माहिती गोळा करून एकमेकांस कळविण्याची जी पद्धती गेल्या साडेतीन दशकांत जगभर उभी राहिली, तिला येथे ‘धोक्याची वार्ता’ म्हटले आहे. या कामी आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांचे साहाय्य घेतले जाते. यंत्राच्या मदतीने माहिती अपार जमविता येऊ लागली की, जमविणे म्हणजेच जाणणे अशी समजूत बळावते. या समजुतीची परीक्षा इंदापुरात पूर्वी एकदा झालेली आहे.

पेशवाई १८१८ मध्ये संपल्यावर कंपनी सरकारास दख्खनच्या जमिनीवर धारा बसवावयाचा होता. ते काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याकडे आले. १८२० च्या दशकात सुरू झालेल्या त्याच्या पाहणीवर रिकार्डोच्या खंडविषयक सिद्धांताची दाट छाप होती. प्रत्येक शेताची मोजणी करावयाची, मातीची प्रत ठरवावयाची, सरासरी पीक काढावयाचे, मशागतीचा खर्च वजा करावयाचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारचे समजावयाचे, अशी ही योजना होती. कागदावर इतका सूक्ष्म हिशोब त्यापूर्वी या मुलखात क्वचितच कोणी मांडला असेल. परंतु त्या हिशोबाला लागणारी माहिती अनेक हाताखालच्या कारकुनांकडून येत होती. मोजणी सदोष होती, प्रत लावताना चिरीमिरी चालत होती, आणि निव्वळ उत्पन्न काढण्याची रीत इतकी गुंतागुंतीची होती की, ज्याच्या शेताचा तो आकडा त्याला तो तपासता येत नव्हता. त्यात धान्याचे भाव उतरलेले. धारा डोईजड झाला, जमिनी पडीक राहिल्या, रयत गावे सोडून जाऊ लागली.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड हा सहायक कलेक्टर व लेफ्टनंट विंगेट हा इंजिनियर यांनी इंदापुरात नव्याने काम हाती घेतले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशोबच सोडून दिला. मातीची खोली, तिचा रंग आणि तिच्यातील दोष एवढेच पाहून जमिनीच्या नऊ प्रती केल्या, दर खाली आणले आणि कारकुनांनी लावलेली प्रत वरिष्ठाने काही शेतांत स्वतः जाऊन पडताळावी अशी शिस्त घातली. १८३६ मध्ये तीस वर्षांसाठी झालेली इंदापूरची ही जमाबंदी पुढे मुंबई इलाख्याच्या पद्धतीचा नमुना ठरली. तिच्यावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ती झालेलीही आहे. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की, प्रिंगलपाशी माहितीचा तुटवडा नव्हता. त्याच्यापाशी पडताळणी नव्हती, आणि शेतकऱ्याकडे परत जाऊन त्याला समजेल अशा रूपात ती माहिती कधी पोहोचली नाही.

इंदापुराच्या शेजारचे बारामती याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. अठराव्या शतकात बारामती हे बाबूजी नाईक जोशी या मातबर सावकाराचे ठाणे होते. पेशव्यांचा सोयरा, पेशव्यांचा धनको आणि १७४० मध्ये पेशवेपदाचाच प्रतिस्पर्धी, असे हे घराणे होते. त्या काळच्या सावकारी व्यवहारात वार्तेला द्रव्याइतकेच मोल होते. हुंडी एका वाटेने येई आणि ती लिहून दिल्याची सूचना देणारे पत्र वेगळे येई. दोहोंचा मेळ बसल्यावाचून शहाणा पेढीवाला रक्कम मोजीत नसे. पानिपतच्या नाशाची बातमी जानेवारी १७६१ मध्ये भेलसा येथे नानासाहेब पेशव्यांच्या हाती आली, तीही सावकारी पत्रातून, हे सर्वश्रुत आहे. फौजेचे जासूद मागे राहिले आणि पेढीचा जासूद आधी पोहोचला. ज्याचे नुकसान व्हावयाचे असते त्याचे कान अधिक तिखट असतात, एवढाच याचा अर्थ.

आता विसाव्या शतकाकडे वळू. नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेल्या एका स्वयंप्रसारी प्रोग्रामने त्या वेळच्या लहानशा इंटरनेटचा मोठा भाग ठप्प केला. हल्ल्याचे स्वरूप ज्या विद्यापीठांना उमगले होते त्यांना ते इतरांस कळविता येईना, कारण कळविण्याचे साधन म्हणजे तेच ठप्प झालेले जाळे. त्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिले संकटनिवारण केंद्र निघाले. १९९९ मध्ये अमेरिकन वित्तसंस्थांनी आपसांत वार्ता वाटण्यासाठी मंडळ स्थापिले. भारतात ‘सर्ट-इन’ ही शासकीय संस्था २००४ पासून कार्य करू लागली आणि बँकांसाठी हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेत २०१४ मध्ये असेच केंद्र सुरू झाले. एका यंत्राने दुसऱ्या यंत्रास वार्ता द्यावी म्हणून ‘स्टिक्स’ नामक सामाईक मांडणी तयार झाली. कोणती वार्ता कोणापर्यंत जाऊ द्यावयाची हे दर्शविण्यासाठी तांबडा, पिवळट, हिरवा अशा रंगखुणा आल्या. या सर्व व्यवस्थेचे बांधकाम मोठ्या संस्थांनी मोठ्या संस्थांसाठी केले, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

पुणे जिल्ह्यातच तिची कसोटी लागली. १० ऑगस्ट २०१८ रोजी, शुक्रवारी, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना एक गोपनीय इशारा धाडला. अज्ञात कार्डसंस्थेत शिरकाव झालेला असून येत्या काही दिवसांत जगभरच्या एटीएम यंत्रांतून एकाच वेळी मोठ्या रकमा काढल्या जाण्याचा संभव आहे, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी, ११ ऑगस्टला, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या खात्यांतून २८ देशांत सुमारे १२,००० व्यवहारांनी आणि भारतात २,८४९ व्यवहारांनी पैसे निघाले. १३ ऑगस्टला आणखी १३.९२ कोटी रुपये स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या एका खात्यात वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर गेली. हल्लेखोरांनी बँकेच्या खऱ्या स्विचच्या जागी आपला तोतया स्विच बसविला होता. कार्ड आले की तो खात्यातील शिल्लक न विचारताच होकार देई. जुन्या भाषेत सांगावयाचे तर हुंडी आली, आणि सूचनापत्रही हुंडी आणणाऱ्यानेच लिहून दिले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०१९ च्या अहवालात हा हल्ला उत्तर कोरियाशी जोडला आहे.

इशारा खरा होता आणि वेळेवर होता, परंतु त्यात बँकेचे नाव नव्हते. हल्लेखोरांच्या वास्तव्याच्या खुणा पुण्यातील यंत्रांत होत्या, हल्ल्याचा अंदाज अमेरिकेत होता, आणि दोहोंची गाठ पडली नाही. तोतया कार्डे घेऊन यंत्रांपाशी उभे राहिलेल्यांपैकी ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दोषी ठरविले. मुख्य सूत्रधारांपर्यंत न्यायालयाचे हात पोहोचलेले नाहीत.

या घटनेनंतर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी प्राथमिक सायबर सुरक्षेचे नियम घालून दिले आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांच्या डिजिटल व्याप्तीनुसार चार पायऱ्यांची व्यवस्था आणली. ही पायऱ्यांची कल्पना आम्हांस शहाणपणाची वाटते. लहान पेढीवर मोठ्या बँकेचा भार टाकण्यात हशील नव्हते. पण लहान बँकेची यंत्रणा बहुधा तिची स्वतःची नसतेच. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवापुरवठादारावर खंडणीखोर प्रोग्रामचा हल्ला झाल्याने राष्ट्रीय देयके महामंडळाने त्याला जाळ्यापासून तोडले, आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार दुसऱ्या दिवसापर्यंत अडकले. त्या बँकांतील कोणाही शाखाधिकाऱ्याच्या हातून चूक घडलेली नव्हती, आणि संकट टाळणारी कोणती वार्ता त्यांच्यापर्यंत आलेलीही नव्हती. बारामती व इंदापूर या सहकाराच्या तालुक्यांत, जेथे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांची उसाची उचल बँकखात्यांतूनच शेतकऱ्याच्या हाती पडते, तेथे एका दिवसाचा हा खोळंबा म्हणजे काय याची कल्पना वाचकांस सहज करता येईल.

कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेले येथे नेमके काय करतात? जगात रोज निघणारे अहवाल, इशारे आणि घातक प्रोग्रामांचे नमुने एखाद्या माणसाच्या वाचनशक्तीपलीकडचे असतात. मॉडेल ते वाचते, त्यांतून संशयित पत्ते, फाइलींचे ठसे, टोळ्यांच्या लकबी वेचून काढते, एकाच टोळीला निरनिराळ्या कंपन्यांनी दिलेली निरनिराळी नावे जुळवून पाहते आणि सामाईक मांडणीत नोंद तयार करते. एप्रिल २०२३ पासून ‘व्हायरसटोटल’ या संकलनात संशयित प्रोग्राम काय करतो याचे साध्या भाषेतील वर्णन मॉडेलकडून मिळू लागले. रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राचे ‘म्यूलहंटर’ हे साधन डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. चोरीचा पैसा फिरविण्यासाठी भाड्याने दिलेली खाती व्यवहारांच्या वळणावरून ओळखणे हे त्याचे काम. या सर्वांचा उपयोग निर्विवाद आहे. कॉसमॉसच्या खुणा आणि एफबीआयचा अंदाज यांची गाठ घालणे हे तर अशाच यंत्राचे काम.

परंतु प्रिंगलचा कारकून येथेही उभा आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेतील संशोधकांनी २०२१ मध्ये एका भाषा-मॉडेलकडून धोक्याच्या खोट्या वार्ता लिहवून घेतल्या आणि खऱ्यांत मिसळून त्या सायबर सुरक्षेच्या जाणकारांपुढे ठेवल्या. खोट्यांपैकी बहुसंख्य वार्ता जाणकारांना खऱ्या वाटल्या. अशा वार्ता दुसऱ्या यंत्राच्या खाद्यात गेल्या तर तेही बिघडते, हे त्यांनी दाखविले. शिवाय खात्री नसतानाही मॉडेल अनेकदा तशाच ठाम स्वरात लिहिते. वर्तमान ऐकीव की डोळ्यांदेखतचे हे सांगणारा मजकूर जुन्या पत्रांतून अनेकदा आढळतो. यंत्राच्या सारांशातून तो गळू शकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यास साधनांच्या पारखीची जी सवय लावली जाते, तिचा उपयोग या नव्या क्षेत्रात अनपेक्षितपणे होण्यासारखा आहे.

दुसरा प्रश्न परतीच्या मार्गाचा. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने सर्ट-इनने हल्ल्याची खबर सहा तासांच्या आत देण्याचे बंधन घातले. खबर वर जाण्याची वाट त्यामुळे पक्की झाली. खाली येणारी वाट मात्र अरुंद आहे. सूचना इंग्रजीत, संज्ञांनी भरलेल्या, संगणकतज्ज्ञास उद्देशून असतात. तालुक्याच्या शाखेत तो तज्ज्ञ नसतो. शेतकरी योजनेच्या किंवा वाहनदंडाच्या नावाने भ्रमणध्वनीवर येणारी ‘एपीके’ फाइल उघडू नये, ही अलीकडच्या फसवणुकींतील सर्वांत उपयोगी वार्ता; ती पतपेढीच्या रोखपालाला फसलेल्या ग्राहकाच्या आधी कळावयास हवी.

ही अडचण अटळ आहे असे मानण्याचे कारण नाही, आणि त्याचा पुरावा बारामतीतच सापडतो. तेथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने ऊसशेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालविला आहे. प्रारंभी सुमारे १,००० शेतकरी त्यात आले. उपग्रहाची चित्रे, हवामानकेंद्राचे आकडे व मातीतील संवेदकांची नोंद यांवरून पाणी केव्हा द्यावे, कीड कोठे दिसते, हे शेतकऱ्यास भ्रमणध्वनीवर मराठीतून कळविले जाते. शेतातून निघालेली माहिती अमेरिकन कंपनीच्या यंत्रांतून फिरून त्याच शेताच्या बांधावर एका वाक्यात परत येते, आणि ते वाक्य खरे की खोटे हे शेतकऱ्याला पानाकडे पाहून कळते. प्रिंगलच्या रयतेला नेमकी हीच सोय नव्हती. बँकेच्या रोखपालाला ती अद्याप नाही. त्याच्या स्विचमध्ये तोतया बसला आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून या तालुक्यांतील सहकारी बँकांनी एकत्र येऊन मॉडेलच्या साहाय्याने सर्ट-इनच्या व रिझर्व्ह बँकेच्या सूचना मराठीत आणल्या आणि शाखाशाखांना पोहोचविल्या, तर त्याला गोल्डस्मिड-विंगेट यांची शिस्त जोडावी लागेल. यंत्राने तयार केलेल्या इशाऱ्यांपैकी काही भाग दर आठवड्यास जाणत्या माणसाने मूळ सूचनेशी ताडून पाहावा, तफावत कोठे पडली त्याची वही ठेवावी, आणि ऐकीव वार्तेवर ‘ऐकीव’ असा शेरा असावा. शाखेकडून उलट येणारी शंकाही त्याच वहीत लिहावी.