लग्नाची अट आणि निकालपत्रे

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासात एक पोस्टकार्ड पुष्कळांच्या तोंडी आहे. १९७४ साली टेल्कोने इंजिनियर हवेत म्हणून जाहिरात दिली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असे तीत स्पष्ट म्हटले होते. सुधा कुलकर्णी (पुढे सुधा मूर्ती) या बंगळूरच्या विद्यार्थिनीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले. मुलाखत झाली, नोकरी मिळाली. गोष्ट गोड आहे खरी. परंतु तीत न्यायालय कोठेच नाही. सरकारी नोकरीत समान संधी देणारे संविधानाचे १६ वे कलम खासगी कारखान्याच्या फाटकाशी थबके, आणि भरतीतील भेदाला मनाई करणारा समान वेतनाचा कायदा १९७६ चा. आधीच नोकरीत असलेल्या बाईला मात्र युनियनमार्फत औद्योगिक न्यायाधिकरणाचे दार ठोठावता येई.

हे दार मुंबईत ठोठावले गेले होते. इंटरनॅशनल फ्रँचायझीज या औषधांच्या कंपनीचा नियम असा की, कामगार मुलीचे लग्न झाले की तिची नोकरी आपोआप संपली! बॉम्बे लेबर युनियनने वाद नेला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६५ साली नियम रद्द झाला. हे निकालपत्र वाचताना पाहावयाचे ते न्यायालयाने कंपनीची सबब कशी उलगडली ते. बायकांचे काम गटाने चालते, विवाहितांच्या गैरहजेरीने ते अडते, असे कंपनीचे म्हणणे. न्यायालयाने विचारले, मुलांमुळे गैरहजेरी वाढत असेल तर मुलेबाळे असलेल्या विधवेचे काय? तिला तर नोकरी चालत होती. उरली बाळंतपणाची रजा. तिच्यासाठी चार माणसे राखीव ठेवली की भागते. मोठी तत्त्वचर्चा नाही, घरातल्या शहाण्या आजीसारखा साधा हिशेब. मला तो फार आवडतो.

म्हणून १९८१ चा एअर इंडियाचा निकाल वाचून मन खट्टू होते. पहिल्या गरोदरपणी हवाई सुंदरीला काढण्याची अट न्यायालयाने कडक शब्दांत मोडली. पण पहिल्या चार वर्षांत लग्न करू नये, ही अट मात्र टिकली, आणि तिच्या समर्थनाला कुटुंबनियोजनही आले! दोन्ही निकाल एकाच न्यायालयाचे. तेव्हा ‘न्यायालयाने स्त्रियांना न्याय दिला’ असे ठोक विधान करण्यापूर्वी कोणती अट पडली व कोणती उरली, हे कलमवार पाहिले पाहिजे.

१९८७ मध्ये मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या लघुलेखिकांचा खटला आला. पुरुष लघुलेखकांहून त्यांना पगार कमी. कंपनी म्हणाली, या बायका साहेबांच्या खाजगी लघुलेखिका, त्या जागी पुरुष नाहीतच, मग तुलना कोणाशी? शिवाय युनियनशी करार झालेला. न्यायालयाने हुद्द्याचे नाव बाजूला सारून काम पाहिले. ते सारखेच होते. करारही आड येऊ दिला नाही. धंदा बसला आहे, ऐपत नाही, ही शेवटची सबबही चालली नाही.